तेरचे गोरोबाकाका आणि कच्चे मडके



शाळा सुरू होऊन महिना होत आला. वह्यापुस्तके, गणवेश, फी, बसचा पास या धावपळीतून आईवडील आता कुठे मोकळे झाले आहेत. दरवर्षी या दिवसांत आम्ही पत्रकात शिक्षकांविषयी काही लिहितो. संत जॉन बॉस्को झाले, संत जॉन मारी व्हियानी झाले. यंदा म्हटले, इतक्या दूर कशाला जायचे? आपल्या धाराशिव जिल्ह्यातच एक मोठा शिक्षक होऊन गेला. तेरचे गोरोबाकाका.

यावर दोन प्रश्न येतील हे आम्ही जाणतो. चर्चच्या पत्रकात वारकरी संताचे चरित्र कसे, हा पहिला. त्याचे उत्तर सोपे आहे. यिर्मया संदेष्ट्याला परमेश्वराने धडा शिकण्यासाठी कुंभाराच्याच घरी पाठवले होते. मग आपल्याला जायला काय हरकत आहे? दुसरा प्रश्न अधिक योग्य आहे. गोरोबांनी कधी शाळा काढली नाही, फळा-खडू पाहिला नाही, मग ते शिक्षक कसे? त्यासाठी त्यांची सगळी गोष्टच सांगावी लागेल.

तेर हे तेरणा नदीच्या काठचे गाव. जुने लोक शेजारच्या ढोकीचे नाव जोडून तेरढोकी म्हणतात. आज तिथे उतरल्यावर साधे बाजारपेठेचे गाव दिसते, पण हे गाव फार जुने आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या पुस्तकात या गावाचा तगर म्हणून उल्लेख आहे. पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवरचे हे मोठे शहर, आणि येथून कापड भडोचच्या बंदराकडे जाते, असे तो सांगतो. गावातले रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेताशिवारात, पांढरीच्या मातीत सापडणाऱ्या जुन्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. त्यांच्या संग्रहातून उभे राहिलेले वस्तुसंग्रहालय आज तिथे आहे. मातीच्या मूर्ती, खेळणी, दिवे, भांडी. त्या काचेच्या कपाटांसमोर उभे राहिले की लक्षात येते, गोरोबांच्या आधी हजार-बाराशे वर्षे या गावात कोणीतरी चिखल मळत होते. गोरोबा त्या हातांचे वारस.

त्यांचा काळ तेराव्या शतकाचा. परंपरेने जन्म इ.स. १२६७ च्या सुमारास धरतात आणि समाधी शके १२३९, चैत्र वद्य त्रयोदशीला, म्हणजे १३१७ मध्ये. वडील माधवबुवा, आई रखुमाई. या घरात मुले जगत नसत. एकामागून एक मुले पुरावी लागली, आणि देवाच्या कृपेने एक पोर त्या गोरीतून, म्हणजे पुरलेल्या जागेतून परत मिळाले, म्हणून त्याचे नाव गोरा, असे सांगणारी एक कथा आहे. इतिहास म्हणून ती कोणी तपासू नये. पण ज्या घराने मुलांची मरणे पाहिली त्या घरातला हा एकुलता एक मुलगा, एवढे त्यातून घ्यावे. पुढे जे घडते ते त्यामुळे अधिकच लागते.

गोरोबा कुंभारकाम करीत आणि मुखाने विठ्ठलाचे नाव घेत. पत्नी संती. त्यांना एक रांगते मूल होते. एके दिवशी संती पाण्याला गेली आणि जाताना मुलाकडे लक्ष ठेवा म्हणून सांगून गेली. गोरोबा चिखल तुडवीत होते, डोळे मिटलेले, नामात रंगलेले. मूल बापाकडे रांगत आले आणि चिखलात शिरले. बापाचे पाय चालतच राहिले. संती परत आली तेव्हा चिखल लाल झाला होता.

ही गोष्ट महिपतींनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या भक्तविजय ग्रंथात आहे आणि गावोगावच्या कीर्तनांत आजही सांगितली जाते. बहुतेक वेळा ती भक्तीची उंची दाखवण्यासाठी सांगतात: बघा, देहाचे भान कसे हरपले होते! आम्हांला मात्र ती ऐकताना नेहमी अस्वस्थ वाटत आले आहे. आणि खरे सांगायचे तर परंपरेलाही ती अस्वस्थ करते. संतीचा आकांत परंपरेने झाकलेला नाही. ती नवऱ्याला आणि त्याच्या देवाला बोल लावते, आणि ऐकणाऱ्या बायका डोळ्यांना पदर लावतात. मूल आपल्याकडेच येत होते. त्याला फक्त आपण हवे होतो, आणि आपण प्रार्थनेत होतो.

येथे आम्हांला आमचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. मागच्या वर्षी सणाच्या आदल्या संध्याकाळी साक्रिस्तीच्या दारात एक मुलगा येऊन उभा राहिला. धर्मशिक्षणाच्या वर्गात पुढे बसणारा, सातवीतला. आम्ही मिस्सेची तयारी करीत होतो, वाचने लावीत होतो, फुले आली नव्हती. नंतर ये, असे आम्ही त्याला सांगितले, मान वर न करता. तो थोडा वेळ थांबला आणि गेला. चार दिवसांनी कळले की घरच्यांनी उचल घेतली होती आणि सगळे कुटुंब ऊसतोडीला निघून गेले होते. शाळा सुटणार आहे हेच त्याला सांगायचे असावे. त्याची आठवण आली की गोरोबांच्या अंगणातला तो चिखल आमच्या डोळ्यांपुढे येतो.

पुढची कथा थोडक्यात. रागाच्या भरात गोरोबा संतीवर धावून गेले, तिने विठ्ठलाची शपथ घालून आपल्याला शिवू नका म्हटले, आणि त्यांनी ती शपथ पाळली. वंश बुडेल म्हणून संतीने माहेरी जाऊन आपली धाकटी बहीण रामी हिचे त्यांच्याशी लग्न लावून दिले. सासऱ्याने दोघींना सारखेच वागवा म्हणून सांगितले. गोरोबांनी तेही शब्दशः घेतले आणि दोघींपासूनही दूर राहिले. एका रात्री झोपेत त्यांचे हात त्या दोघींना लागले. सकाळी उठून त्यांनी ते हात तोडून टाकले. कुंभाराने हात तोडले! हातांची गोष्ट पुढे पुन्हा येईल.

आता शिक्षकपणाकडे येऊ. सगळे संत गोरोबांना काका म्हणत, कारण ते सर्वांत वडील, असे आपण ऐकतो. पारंपरिक तारखा घेऊन हिशेब केला तर मौज वाटते. नामदेवांचा जन्म १२७० चा. म्हणजे काका त्यांच्यापेक्षा तीनच वर्षांनी मोठे. निवृत्तिनाथ १२७३, ज्ञानदेव १२७५, सोपान १२७७ आणि मुक्ताबाई १२७९. ज्ञानदेवांनी १२९६ मध्ये समाधी घेतली, त्यामुळे हे सगळे तेरला जमले ते त्याच्या आधीच. तेव्हा ज्ञानदेव विशीच्या आतबाहेर, मुक्ताबाई पंधरा-सोळा वर्षांची आणि काका स्वतः तिशीच्या आतले. चित्रांत आपण पांढऱ्या दाढीचे लोक बघतो. प्रत्यक्षात ती मुलांचीच मंडळी होती.

त्यातही ती चार भावंडे पोरकी. संन्यास घेऊन संसारात परतल्याबद्दल आळंदीच्या ब्रह्मवृंदाने त्यांच्या वडिलांना वाळीत टाकले. आईवडिलांनी प्रायश्चित्त म्हणून देह ठेवला. मुलांनी माधुकरी मागून दिवस काढले. गावातला विसोबा नावाचा गृहस्थ त्यांच्या वाईटावर होता. एकदा मुक्ताबाईला मांडे करायचे होते. त्यासाठी ती खापर आणायला गेली तर त्याने आळंदीच्या कुंभारांना ताकीद दिली की हिला कोणी भांडे द्यायचे नाही. एका लहान मुलीला गावात एकाही कुंभाराने खापर दिले नाही! पुढचा चमत्कार प्रसिद्ध आहे, तो सांगत नाही. ही मुलगी तेरला एका कुंभाराच्या अंगणात येऊन त्याला काका म्हणते, हे आम्हांला त्या चमत्काराहून मोठे वाटते. काका हे नाव वयाने मिळालेले नाही. ते त्या मुलांनी दिलेले आहे.

तर अंगणात सगळे बसले आहेत. मुक्ताबाईची नजर एका लाकडी वस्तूकडे जाते. हे काय म्हणून ती विचारते. काका सांगतात, हे थापटणे. याने मडके थापटून पाहायचे, म्हणजे कच्चे की पक्के ते कळते. यावर मुक्ताबाई म्हणते की आम्हीही मडकीच आहोत, मग आमच्यात कच्चे कोण तेही बघा. काका थापटणे उचलतात आणि एकेकाच्या डोक्यावर मारीत जातात. सगळे गप्प बसून मार घेतात. नामदेवांची पाळी येते तेव्हा ते चिडतात, हा काय प्रकार म्हणून तक्रार करतात. काका निकाल देतात: एवढे एक मडके कच्चे आहे.

नामदेव हे त्या मंडळींत देवाचे लाडके. विठ्ठल त्यांच्या हातचा नैवेद्य खातो, त्यांच्याशी बोलतो, अशी ख्याती. त्यांना सर्वांसमोर कच्चे ठरवले. हा अपमान लहान नव्हता.

कुंभारकामाची थोडी माहिती येथे हवी. शहरातल्या मुलांना वाटते की मडके चाकावरच पूर्ण होते. तसे नसते. चाकावर गळा आणि जाड बुंध्याचा आकार तयार होतो. दोऱ्याने कापून तो उतरवतात, जरा सुकू देतात आणि मग थापटण्याने बाहेरून ठोकत ठोकत त्याचे पोट वाढवतात. हे करताना कुंभाराचा दुसरा हात मडक्याच्या आत असतो. त्या हातात गोल दगड धरलेला असतो. बाहेरचा घाव जिथे पडतो तिथेच आतून आधार असतो. आतला हात काढून घेतला तर पहिल्या घावालाच मडके बसते. नंतर उन्हात सुकवणे, मग आवा. आव्यातून निघाल्यावर पुन्हा वाजवून बघतात. पक्के मडके टणटणते. कच्चे बद वाजते, आणि फुटकेही बद वाजते.

आवाज सारखा, पण दोन्ही मडकी एक नाहीत. फुटके मडके उकिरड्यावर जाते. कच्चे मडके पुन्हा आव्यात जाते. नुसता आवाज ऐकणाऱ्याला हा फरक कळत नाही. त्यासाठी ते हातात घेऊन, फिरवून, उजेडात धरून पाहावे लागते. गोरोबांनी नामदेवांना कच्चे म्हटले. फुटके म्हटले नाही. सेमिनरीत ॲरिस्टॉटल शिकताना आम्ही घोकले होते की वस्तू आज जे आहे ते एक आणि ती जे होऊ शकते ते दुसरे, आणि दोन्ही खरी. परीक्षेत त्यावर चांगले गुण मिळाले. पण उदाहरण म्हणून कोणी कच्चे मडके पुढे ठेवले असते तर ते दहा मिनिटांत समजले असते.

आम्ही पाचवीत असताना गणिताच्या एका गुरुजींनी वर्गासमोर आमच्या डोक्याला फुटके मडके म्हटले होते. शब्द तोच, कुंभाराच्या घरचा. त्या शाळेचे वा गुरुजींचे नाव नको. तेही गेले आता. त्या दिवसापासून फळ्यावर अपूर्णांक दिसला की आमचे हात थंड पडत. सहावीत दुसऱ्या एक बाई आल्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितले की तुझे गणित कच्चे आहे. ऐकून वाईटच वाटले. पण त्यांनी पुढे जे केले ते गुरुजींनी केले नव्हते. सुट्टीनंतर अर्धा तास त्या आम्हांला थांबवून घेत आणि भाकरीचे तुकडे मोडून पाव, अर्धा, पाऊण दाखवीत. नंतर ती भाकरी आम्हीच खात असू. आज चर्चचा जमाखर्च लिहायला बसलो की त्या बाई आठवतात. गुरुजीही आठवतात, हेही सांगायला हवे. मुलांच्या मनावर दोघांचाही ठसा सारखाच टिकतो.

नामदेवांकडे वळू. ते रुसून पंढरपूरला गेले आणि विठ्ठलाकडे गाऱ्हाणे घातले. तिथे कौतुक होईल अशी अपेक्षा असावी. पण देवाने काकांचाच निकाल कायम केला आणि गुरू शोधायला सांगितले. कोणाकडे? विसोबा खेचरांकडे. हेच ते आळंदीचे विसोबा, ज्यांनी मुक्ताबाईला खापर मिळू दिले नव्हते. दरम्यान त्यांना पश्चात्ताप झाला होता आणि त्या पोरक्या भावंडांनीच त्यांना आपले म्हटले होते. मुलीला मडके नाकारणारा माणूसच आता कच्चे मडके भाजण्यासाठी निवडला गेला. एखाद्याला फुटके म्हणून टाकून द्यायचे असते तर त्या मुलांना विसोबांइतके योग्य माणूस मिळाले नसते.

औंढा नागनाथच्या देवळात नामदेव पोचले तर म्हातारे विसोबा शंकराच्या पिंडीवर पाय ठेवून आडवे पडलेले. नामदेवांना राग आला. विसोबा रागावले नाहीत, उपदेशही केला नाही. माझ्याने पाय उचलवत नाहीत, जिथे देव नसेल तिथे तूच उचलून ठेव, एवढेच त्यांनी सांगितले. नामदेव पाय उचलून जिकडे ठेवीत तिकडे पिंड उभी राहू लागली. शिक्षकांनी या प्रसंगाकडे धंद्याच्या नजरेने बघावे. देव सर्वत्र आहे, हे वाक्य विसोबांना सांगता आले असते, आणि नामदेवांनी ते आधी शंभरदा ऐकलेही असेल. ते वाक्य त्यांनी विद्यार्थ्याच्या हातांनी करून घेतले.

तेरच्या त्या अंगणात बसलेला एक घाव किती दूरवर गेला, ते पाहा. नामदेव पंढरपूर सोडून उत्तरेला गेले, पंजाबात राहिले. गुरुदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावी आजही त्यांच्या नावाचे मोठे स्थान आहे आणि २०१५ मध्ये मराठी साहित्य संमेलन तिथे भरले होते. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदे आहेत. ज्याचा देव एका देवळात, एका विटेवर होता, तो माणूस दुसऱ्या भाषेत जाऊन तिथल्या लोकांचा झाला.

आम्हांला मात्र त्यांची दुसरी एक गोष्ट जास्त मोलाची वाटते. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखामेळा गाडले गेले. ते साल १३३८ मानतात. गोरोबांना जाऊन तेव्हा एकवीस वर्षे झाली होती आणि नामदेव स्वतः म्हातारे होते. वेठीला धरलेल्या महारांच्या त्या ढिगाऱ्यात कोणाला कोणाची ओळख? नामदेव तिथे गेले. एकेक हाड उचलून कानाला लावून पाहिले, ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ते चोख्याचे म्हणून गोळा केले, पंढरपूरला आणले आणि महाद्वारासमोर समाधी दिली. वाजवून बघणे, कान देऊन ऐकणे ही कुंभाराची रीत. ती त्यांना कोणी शिकवली हे वेगळे सांगायला नको.

गोरोबांच्या हातांचे काय झाले, ते राहिले. ते पंढरपूरला गेले, सोबत संती आणि रामी होत्या. देवळात कीर्तन चालू होते आणि कीर्तन करणारे होते नामदेव. गजर करताना त्यांनी सगळ्यांना हात वर करून टाळी वाजवायला सांगितले. भान हरपून गोरोबांनीही आपले थोटे दंड वर केले, आणि लोकांच्या देखत त्यांना हात फुटले. तेवढ्यात चिखलात गेलेले मूल रांगत रांगत गर्दीतून आईकडे आले. हा प्रसंग थापटण्याच्या परीक्षेच्या आधीचा की नंतरचा, याची जुळवाजुळव करीत बसू नये. आमच्यापुरते आम्ही एवढेच पाहतो की काकांना त्यांचे हात परत मिळाले ते त्या कच्च्या मडक्याच्या कीर्तनात.

गोरोबांचे अभंग मोजकेच शिल्लक आहेत. समाधी तेरणेच्या काठी आहे आणि चैत्रात तिथे यात्रा भरते. आपल्या धर्मग्रामातल्या शिक्षकांना एकदा सुट्टीत तेरला न्यावे असा आमचा विचार आहे, संग्रहालयही बघून होईल. तारीख ठरली की वेदीवरून सांगू.

आणि एक. तो सातवीतला मुलगा पाडव्याच्या सुमारास परत आला. उंच झाला आहे, हाताला घट्टे आहेत, आणि तो आता मागच्या बाकावर बसतो. आम्ही त्याच्या घरी जाऊन आलो. यंदाही उचल घ्यायची की नाही हे त्यांचे अजून ठरलेले नाही. आपल्या वस्तीत आणखी ज्या घरांत हाच प्रश्न असेल त्यांनी रविवारी मिस्सेनंतर साक्रिस्तीत भेटावे. मूल गावात ठेवायचे असेल तर हंगामी वसतिगृहाविषयी शाळेच्या गुरुजींशी बोलायला आम्ही सोबत येऊ. मुले एकटी आली तरी चालेल, आणि मिस्सेच्या आधी आली तरीही.